धोंडुबाईची कुपी

१

डीप फ्रीझरच्या आत भंडारा सांडलेला होता. त्या पांढऱ्या पेटीत हळदीचा पिवळाधमक सडा पाहून केरबा शिपायानं आधी हात जोडले आणि मग बोंब मारली. कुप्यांचं एक खोकं उघडं पडलं होतं आणि त्यातली एकच कुपी गेली होती. ती धोंडुबाईची होती.

निवृत्त फौजदार भाऊसो जगदाळे साताऱ्याहून सांगलीला पोचले, तोवर इस्पितळानं खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. कॅन्सरचं हे इस्पितळ एका ट्रस्टचं. अध्यक्षांनी भाऊसोंना खुर्ची देण्याआधी चोराचं नाव दिलं. जत तालुक्यातला मल्हार धनगर, धोंडुबाईचा मुलगा. आई शनिवारी गेली, आणि काल, बुधवारी, हा गडी येऊन आरडाओरडा करून गेला की आमच्या आईचा तुकडा परत द्या. आज सकाळी कुपी गायब आणि वर बिरोबाचा भंडारा. पोलिसांत गेलं तर पेपरात छापून येईल, म्हणून भाऊसोंना बोलावलं होतं. सोमवारी ट्रस्टची बैठक. तोवर कुपी मिळाली नाही तर मल्हारवर फिर्याद आणि डॉ. शकुंतला थत्तेंना नारळ, असं अध्यक्ष बोटं मोडत म्हणाले.

भाऊसोंचा एक स्वभाव नोकरीत नडला आणि निवृत्तीनंतर पोटापाण्याला आला. ते कुणावरच विश्वास ठेवत नसत. चोराचं नाव आयतं मिळालं की त्यांचं पित्त खवळे.

शकुंतलाबाई मूळच्या वाईच्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या, परदेशात शिकून मुद्दाम परत आलेल्या. जिभेला हाड नव्हतं. त्यांनी भाऊसोंना बसाही म्हटलं नाही.

"जनुक म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"न्हाई. पण चोर म्हंजे काय ते म्हाईत आहे."

बाईंनी नाक मुरडलं, पण समजावून सांगितलं. प्रत्येक जनुकाच्या माणसात दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. धोंडुबाईच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या कॅन्सरनं मरत होत्या. आई गेली, दोन बहिणी गेल्या, थोरली लेक गेली. बाई दहा वर्षं त्या माळरानावर जाऊन त्यांचं रक्त आणत होत्या, आणि त्यांना सापडलं होतं की या बायकांत एका जनुकाची एक प्रत जन्मतःच मोडकी असते. रक्तात मोडकी आणि चांगली अशा दोन्ही दिसतात. गाठीत मात्र चांगली नाहीशी झालेली असते, मोडकी तेवढी उरते. म्हणून खरा पुरावा गाठीतच. बाकीच्या बायकांनी सुरी लावून घेतली नाही. एकट्या धोंडुबाईनं ऑपरेशन करून घेतलं, म्हणून एवढा एकच तुकडा होता. परदेशातल्या संस्थेनं तो पडताळणीला मागितला होता. पडताळणी झाली, की धोंडुबाईच्या नातीचं साधं रक्त तपासून तिला सांगता येणार होतं, की तुझ्या वाट्याला काय आलंय. नाही झाली, तर दहा वर्षं पाण्यात आणि बाई घरी.

"कुप्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. कोणता आकडा कुणाचा ते मला ठाऊक आणि डॉक्टर धवल चौगुल्यांना. आणि हो, कोरड्या बर्फाची पेटीही कुणीतरी रिकामी केली आहे. पुण्याहून परवाच आला होता. आजची सगळी कामं अडली आहेत."

"बर्फाचं तुमचं तुमी बघा," भाऊसो वैतागून म्हणाले. "मला एक सांगा. तुमचा शोध खोटा असला, तर आता तो कुनी पकडू शकत न्हाई. बरोबर?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"केरबा," त्या म्हणाल्या, "यांना दार दाखव."

२

डॉ. धवल चौगुले म्हणजे तिशीतला, सोनेरी काडीचा चष्मा आणि साखरेत घोळलेली जीभ. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत बाईंच्या शोधावर मातीही लोटली. ते निष्कर्ष म्हणे त्यानं स्वतः पुन्हा करून पाहिले होते. काही निघालं नव्हतं. बाईंना नावाची हाव, म्हणून ओढूनताणून आणलेलं सगळं. तो तुकडा कचऱ्याच्या लायकीचा होता, पडताळणीला गेला असता तर इस्पितळाची छी-थू झाली असती, असं तो हळहळत म्हणाला.

"म्हणून बाईंनीच तो नाहीसा केला?"

"मी कुठे म्हटलं?" धवल हसला. "माझं मत मल्हारवरच आहे. भंडारा काय मी टाकला?"

मल्हारच्या गावाला कधी गेला होतात का, असं भाऊसोंनी विचारलं. धवलला त्याचंही हसू आलं. कशाला जाऊ, रक्त इथे येतंच की, तो म्हणाला. ती माणसं ओपीडीत दिसतात तेवढी पुरे. कपाळभर पिवळं फासून येतात, दरवाजा पिवळा करून जातात.

टेबलाखाली थर्माकोलचं एक खोकं होतं. भाऊसोंची नजर तिकडे गेलेली पाहून धवलनंच विषय काढला. सासऱ्यांचा पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीचा मळा होता. उद्या मुंबईला मामांकडे जायचं, त्यांच्यासाठी फळं. पण चोरीनंतर फाटकावरचे रखवालदार सुईसुद्धा बाहेर जाऊ देत नव्हते. साहेबांनी एक चिठ्ठी दिली तर उपकार होतील.

"उघडा," भाऊसो म्हणाले.

झाकण निघालं, गार वाफ आली आणि लालबुंद फळांचा थर दिसला. फळ दिसलं की भाऊसोंचा हात राहत नसे. धवल काही म्हणायच्या आत त्यांनी एक उचलून तोंडात टाकलं आणि दाढेखाली धरलं. डोंगरातला गोटा चावावा तशी कळ थेट मस्तकात गेली.

"बर्फात ठेवलीत, साहेब," धवल घाईघाईनं म्हणाला. "सावकाश."

भाऊसोंनी गालावर हात धरून मनातल्या मनात त्याच्या सासऱ्याचा उद्धार केला. मग एका हातानं चिठ्ठी लिहिली, खाली सही ठोकली आणि उठले.

३

मल्हारचं घर जतच्या पुढे, माळावर. शुक्रवारी सकाळी भाऊसोंची जीप अंगणात थांबली तेव्हा मेंढरं बाजूला झाली, माणसं झाली नाहीत. मल्हार चाळिशीतला, उंचपुरा, डोळे तांबारलेले, कपाळ कोरं. घरात चूल थंड होती. शेजारचा बिराप्पा कपाळाला भंडारा लावून आला, कोपऱ्यातल्या देवांपुढे दिवा लावला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

"तपासाला आलाय व्हय?" मल्हार म्हणाला. "आमचाच तुकडा चोरायचा आनि आमच्याच दारात यायचं. लय ग्वाड हाय तुमची रीत."

भाऊसोंनीही मग आवाज चढवला. परवा इस्पितळात धिंगाणा कुणी घातला, ते विचारलं. मल्हारनं नाकारलं नाही. आई जळली ती अपुरी जळली, हे त्याच्या मनाला लागलं होतं. अंगाचा एक भाग सांगलीला बर्फात आणि बाकीची राख ओढ्यात. सोमवारी दहावा. आईचा जीव घुटमळत राहिला, कावळा शिवला नाही, तर भावकीत तोंड कसं दाखवायचं? डॉक्टरीणबाई दहा वर्षं दारात येऊन रगत नेत होती आणि एक बाई वाचली नव्हती, हे तो दोनदा बोलला.

"मग तू कुपी काढलीस आन्‌ वर बिरोबाचा भंडारा टाकलास."

मल्हारनं बायकोकडं बघितलं, मग भाऊसोंकडं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"सायेब," तो सावकाश म्हणाला, "तुमच्या घरात कवा कुनी मेलंय का?"

भाऊसोंना ती धमकी वाटली. त्यांनी चार शिव्या हासडल्या आणि जीपकडे वळले. जीपपाशी मल्हारची मुलगी उभी होती. पल्लवी, बारावी झालेली, धोंडुबाईच्याच तोंडावळ्याची.

"आवं, डॉक्टरीणबाईला म्हनावं, माझं काय ते तेवढं सांगा," ती म्हणाली. "आबांना कळू देऊ नगा. मला दिवसा बी आत्याचीच सपनं पडत्यात."

भाऊसो जीपमध्ये चढले आणि निघाले.

४

जतच्या स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. दाढ अजून ठणकत होती आणि डोक्यात मल्हारचा प्रश्न ठणकत होता. एका गाड्यावर बर्फाच्या लादीवर द्राक्षांचे घड मांडले होते. गाडीवाला म्हणाला, सकाळपास्नं बर्फावरच हायत सायेब, घ्या. भाऊसोंनी दाढेला भीत भीत एक मणी तोंडात टाकला. गारेगार होता, पण मऊ. दाताखाली सुखानं फुटला.

भाऊसोंनी दुसरा मणी खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि मग घड हातात तसाच राहिला.

सकाळपासून बर्फावरची द्राक्षं मऊ. मग ती स्ट्रॉबेरी दगड कशी? साध्या बर्फानं फळ गार होतं, त्याचा गोटा होत नाही. त्याला दुसरा बर्फ लागतो, पुण्याहून येणारा, कोरडा. ज्याची पेटी कुणीतरी रिकामी केली होती, आणि ज्याबद्दल ते तोऱ्यात म्हणाले होते की तुमचं तुमी बघा.

आणि मग मल्हारचा प्रश्नही सुटला. त्याचं कोरं कपाळ. देवापुढे दिवा लावायला आलेला परका बिराप्पा. भाऊसोंनी भर बाजारात स्वतःच्या कपाळावर हात मारला. आपली आई गेली तेव्हा आपणसुद्धा देवाला हात लावला नव्हता की.

एसटीडीच्या बूथमधून त्यांनी सांगलीला फोन लावला. केरबानं सांगितलं की चौगुले डॉक्टर टॅक्सीनं मुंबईला गेले, साहेबांची चिठ्ठी दाखवून. स्वतःची सही आठवून भाऊसोंना घाम फुटला. दुसरा फोन साताऱ्याला. अर्जुना पूर्वी त्यांच्या हाताखाली हवालदार होता आणि आता हायवेच्या चौकीत होता.

"सोनेरी चष्मा, थर्माकोलचं खोकं," भाऊसो ओरडले. "माणूस आडव. खोक्याला हात लावू नगं. आन्‌ त्यातलं काय खाऊ नगंस, गड्या."

५

सांगलीहून साताऱ्यापर्यंत शकुंतलाबाई आणि भाऊसो जीपमध्ये शेजारी बसून आले. चौकीत धवल पाय हलवत बसला होता. समोर बाकड्यावर खोकं.

"स्ट्रॉबेरी नेणं हा गुन्हा आहे का?" त्यानं विचारलं.

भाऊसोंनी घाई केली नाही. एवढा अपमान गिळून झाल्यावर चार शब्द बोलायचा त्यांचा हक्कच होता. त्यांनी आधी मल्हारला संशयातून बाजूला काढलं. त्याला तुकडा ओढ्यात सोडायचा होता. ज्याला सोडायचा आहे तो बर्फ कशाला चोरेल? शिवाय शेकड्यांनी कुप्या, वर नुसते आकडे. त्यानं सगळं खोकंच उचलून नेलं असतं. म्हणजे चोर आकडा जाणणारा होता. असे दोघंच.

मग ते बाईंकडे वळले. "माझा पयला वहीम तुमच्यावर होता. अजून माफी मागनार न्हाई. पन शोध खोटा असता तर तुमी तुकडा मोरीत टाकला असता. आन्‌ खरा असता तर चोरायचं कारनच न्हाई. चोरानं मात्र तो बर्फ घालून जपला. म्हंजे चोराला पक्कं ठाऊक होतं, का शोध खरा हाय."

"कुपी बाईंनीच ठेवली असेल माझ्या खोक्यात," धवल म्हणाला. "मला अडकवायला. भंडारासुद्धा त्यांनीच—"

"तिथंच घसरलास," भाऊसो म्हणाले. "घरात मयत झालं की सुतक. दहावा हुईस्तवर मल्हार देवाला शिवत न्हाई, भंडाऱ्याला बोट लावत न्हाई. त्याच्या देवांचा दिवा शेजारी लावतो. बाईंना हे कळत न्हाई का?"

"धोंडुबाईंची थोरली लेक गेली तेव्हा मी तिथेच होते," शकुंतलाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "देवाच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं."

"आन्‌ तू?" भाऊसो धवलवर वाकले. "तू त्यांचं रक्त वाचलंस, घर न्हाई बघितलंस. तुला वाटलं धनगर म्हंजे पिवळं कपाळ. टाकला मूठभर."

अर्जुनानं खोकं उघडलं. स्ट्रॉबेरीचे दोन थर, खाली वर्तमानपत्र, खाली धुरकटणारा पांढरा बर्फ. त्यात करंगळीएवढी कुपी.

"मघापासून मला एकच कळत न्हाई," भाऊसो म्हणाले. "जे खोटं, कचऱ्याच्या लायकीचं, ते इतकं जपून कुठं चालवलं होतंस?"

धवलचा साखरेचा थर तेव्हा उतरला. परदेशातल्या एका कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती, रिकाम्या हातानं येऊ नकोस असं सांगून. या सांगलीत बाईंच्या मागे नाव लावून कुजायचं नव्हतं त्याला. ते निष्कर्ष त्यानं पुन्हा करून पाहिले होते, हे खरं होतं. सगळे बरोबर आले होते.

शकुंतलाबाईंनी ते ऐकलं. दहा वर्षांत त्यांच्या कामाला कुणी बरोबर म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते या चोरानं. त्यांनी स्वतःच्या हातानं खोक्यावर झाकण बसवलं.

६

मल्हार रविवारी इस्पितळात आला. चोर ठरला नाही म्हणून तो निवळला होता, असं कुणी समजू नये.

"आता माझा तुकडा द्या," तो म्हणाला.

अध्यक्षांनी धोंडुबाईच्या अंगठ्याचा कागद पुढे केला. कायद्यानं तुकडा इस्पितळाचा होता. भाऊसोंना वाटलं, बाईसुद्धा आता तोंड सोडणार. कुपी गेली तर सोमवारी त्यांच्या हातात काहीच उरणार नव्हतं, आणि पल्लवीच्याही.

"अंगठा धोंडुबाईंचा होता. त्या गेल्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "दहा वर्षं मी यांच्याकडे मागत आले. एकदा देते." मग मल्हारकडे वळून, "फक्त शेवटपर्यंत या बर्फातच ठेवा. ओढ्यावर जाईपर्यंत."

"का?"

"माणसाचं मन बदलतं म्हणून."

"माझं न्हाई बदलत," मल्हार म्हणाला आणि खोकं उचलून गेला.

सोमवारी सांगलीत ट्रस्टची बैठक भरली. शकुंतलाबाई गेल्याच नाहीत. त्या आणि भाऊसो ओढ्याच्या काठी बाभळीखाली, भावकीपासून लांब उभे होते. भावकीनं त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. डोहात पाणी गुडघाभर. पिंड मांडले गेले आणि सगळे मागं सरले.

कावळे बाभळीवर होते. एकही खाली येईना. भावकी मग एकेक इच्छा आठवून बोलू लागली, मेलेल्याची जी मनात राहिली असेल ती. मल्हारनं हात जोडले. मेंढरं विकणार न्हाई, म्हणाला. पल्लवीचं लगीन चांगल्या घरात करीन. बिरोबाच्या जत्रेला बकरं देईन. कावळे मान तिरकी करून बघत राहिले.

"आई, तुझा तुकडा आनलाय बघ," मल्हार म्हणाला. "हितं डोहात सोडतो. मोकळी हो."

त्यानं खोकं उघडलं. कुपी हातात घेतली. ऊन चढत होतं. बाभळीवर हालचाल नव्हती.

भाऊसोंनी जन्मात अनेकांना बोलतं केलं होतं. पण ही साक्षीदार त्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्यांनी शेजारी पाहिलं. शकुंतलाबाईंची नजर त्या कुपीवर होती.

मग पल्लवी पुढं आली. बापानं अडवलं, तरी आली.

"आज्जी," ती पिंडांकडं बघत म्हणाली, "तू सुरी लावून घेतलीस ती कुनासाठी? तुकडा डॉक्टरीणबाईकडं ठेवू? माझ्यासाठी?"

पंखांचा फडफडाट झाला. एक कावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली आणि भात घेऊन उडाला. मागोमाग सगळे उतरले.

मल्हारनं कुपी पुन्हा बर्फात ठेवली, झाकण दाबून बसवलं, बाभळीखाली आला आणि खोकं बाईंच्या पायाशी आदळलं.

"हट्ट आईचा हाय, माझा न्हाई," तो म्हणाला. "तुमच्यावर माझा इस्वास न्हाई. आज बी न्हाई."

बाईंनी मान हलवली. खोकं त्यांनी उचलून पोटाशी धरलं.

मागून पल्लवी आली. बापाच्या देखत तिनं झंपराची बाही वर सरकवली आणि हात पुढं केला. शकुंतलाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. याच हातासाठी त्या दहा वर्षं या माळावर येत होत्या. त्यांनी हळूच ती बाही खाली ओढली.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "सुतक फिटू दे. मग मीच येते."